चिमटीतला खार

हळद घातलेल्या भज्यांच्या पिठात खायचा सोडा टाकला आणि तो नीट फेटला गेला नाही, तर पिवळ्या पिठात जागोजागी लाल ठिपके उठतात. माझ्या वर्गात नव्याने आलेली मुलगी ते पाहून दचकते. पीठ खराब झालं की काय, असं तिला वाटतं. मी तिला त्या ठिपक्यांवर लिंबाचे चार थेंब पिळायला सांगते. लाल रंग डोळ्यांदेखत विरतो, पीठ पुन्हा पिवळं होतं आणि त्याच जागी फसफसून फेस वर येतो. पिठात कुठे खार शिल्लक राहिला ते हळदीने दाखवलेलं असतं. तो खार लिंबाने संपवलेला असतो, आणि दोघांच्या भेटीतून निघालेला वायू पीठ हलकं करत असतो. पुढच्या पानांत जे काही आहे, त्याचं बीज या एका वाडग्यात आहे. सोड्याला आंबटाची जोड लागते आणि मापाची शिस्त लागते. एवढं ज्याला कळलं, त्याला सोडा कळला.

मूर्तिजापुरात मी घरच्या घरी स्वयंपाकाचे आणि बेकिंगचे वर्ग घेते, त्याला आता बरीच वर्षं झाली. या काळात मला सर्वांत जास्त प्रश्न ज्या वस्तूबद्दल विचारले गेले, ती दुकानात काही रुपयांना मिळणारी पांढरी पूड आहे. केक मधोमध का बसला? नानखटाईला कडसर, साबणासारखी चव का आली? भज्यांनी एवढं तेल का प्यायलं? हरभरा शिजताना सोडा टाकावा की नाही? बेसिनच्या पाइपात सोडा आणि व्हिनेगर ओतलं तर उपयोग होतो का? उत्तरं मी वहीत टिपून ठेवत गेले. त्या वहीचीच ही पुस्तिका झाली. पण कृतींकडे वळण्याआधी सोडा म्हणजे काय, तो आपल्याकडे कुठून आला आणि वऱ्हाडातल्या माणसाने तो जास्त समजून का वापरायला हवा, हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

वऱ्हाडाला खाराची ओळख करून द्यावी लागत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे, आणि मूर्तिजापूर तालुक्यातली कितीतरी गावं त्यातच येतात. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की खारट-मचूळ लागतं, आणि त्याने अंग धुतलं की साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट केली ती याच खारापायी. या पट्ट्याच्या पाण्यात आणि मातीत सोडियमचे क्षार जास्त आहेत. मिठातही सोडियम असतं आणि सोड्यातही. आपल्या काळ्या चिकणमातीत सोडियम वाढलं की मातीचे कण एकमेकांना सोडतात, पाणी पडल्यावर फुगून भोकं बुजवतात, आणि मग पाऊस वरच्या वर साचून राहतो. वाळल्यावर तीच जमीन दगडासारखी होते. पिठाला भुसभुशीत करणारा खार मातीला मात्र घट्ट करतो. एकच वस्तू एका जागी गुण देते आणि दुसऱ्या जागी नुकसान करते, हे आपल्या शेतकऱ्याला पुस्तकाविना ठाऊक आहे.

याच वऱ्हाडात लोणार आहे. बेसाल्टच्या खडकावर अशनी आदळून झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या तळाशी जे सरोवर आहे त्याचं पाणी अल्कधर्मी आहे. २०२० साली त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पण त्याची कीर्ती त्याहून फार जुनी आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारला काच आणि साबण बनवण्याचं साहित्य मिळतं, अशी नोंद केली आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाला क्षाराचे थर बसत, आणि लोक ते काढून विकत. त्या क्षारांच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं होती. ज्याला आज आपण सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट म्हणतो, त्यांचंच ते निसर्गाने केलेलं मिश्रण. कारखान्यातल्या सोड्याची पुडी दुकानात येण्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडाकडे स्वतःचा सोडा होता.

स्वयंपाकघरात तो आला पापडखार म्हणून. उडदाचे पापड करायचे तर आदल्या दिवशी मीठ, पापडखार आणि हिंग पाण्यात उकळून ते पाणी गाळून, निववून ठेवतात. त्या पाण्याने भिजवलेलं घट्ट पीठ तेलाचा हात लावून कुटलं जातं. कुटून कुटून ते लवचिक झालं की त्याच्या लाट्या पडतात. पापडखार कमी पडला तर पापड तळताना फुलत नाही. जास्त पडला तर पापड लालसर होतो आणि जिभेला चरचरतो. माझ्या शेजारच्या एक आजी लाट्या करण्याआधी पिठाचा कण जिभेवर ठेवून बघायच्या आणि तेवढ्यावरून खाराचा अंदाज सांगायच्या. मला त्या नेहमी म्हणत, “चिमटीनं टाक वं माय, मुठीनं नोको टाकू.” सोड्याबद्दल याहून नेमकं वाक्य मला आजवर कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

आज आपण वापरतो तो सोडा सरोवरातून येत नाही. फ्रान्समध्ये निकोला लेब्लाँने १७९१ मध्ये मिठापासून सोडा बनवण्याची रीत काढली, आणि १८६१ मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वेने त्याहून स्वस्त आणि स्वच्छ रीत शोधली. मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्या साह्याने आधी सोडियम बायकार्बोनेट तयार होतं. ते तापवलं की धुण्याचा सोडा मिळतो. आपल्या देशात हे काम ज्या ठिकाणांनी उभं केलं, त्यांत गुजरातच्या ओखामंडळातलं मिठापूर महत्त्वाचं. तिथे १९३९ साली टाटा केमिकल्स सुरू झाली. समुद्राचं मीठ आणि जवळची चुनखडी यांतून तिथे सोडा होऊ लागला. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा ही सख्खी भावंडं आहेत, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. खायचा सोडा सौम्य असतो, तर धुण्याचा सोडा तीव्र. तो हाताची कातडी सोलतो आणि पोटात गेला तर आतून भाजतो. दोन्ही पांढरे असल्याने एकाच्या डब्यात दुसरा जाण्याचा धोका असतो. म्हणून या पुस्तिकेतला पहिला नियम असा, की डब्यावर नाव लिहिल्याशिवाय सोडा फडताळात ठेवू नये.

बेकिंग आमच्या गावात ओव्हनच्या मार्गाने आलं नाही. ते बेकरीच्या भट्टीतून आलं. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी मैदा, साखर आणि डालडा पिशवीत भरून बेकरीत द्यायचा, आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानखटाई आणि बिस्किटं घरी आणायची, ही रीत अनेक घरांनी पाळली आहे. त्यानंतर कुकरमधला केक आला. कुकरच्या तळाला वाळूचा किंवा मिठाचा थर द्यायचा, झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, आत भांडं ठेवून मंद आचेवर पाऊण तास धीर धरायचा. पुढे झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. कितीतरी मुलांच्या वाढदिवसाचा पहिला घरचा केक त्या काचेतून फुगताना पाहिला गेला. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेल्या कृतींची सवय मराठी घरांना लागली. ही सवय सोड्याच्या बाबतीत सर्वांत मोलाची आहे, कारण भाजीत मीठ कमी-जास्त झालं तर सावरता येतं, केकमध्ये सोडा कमी-जास्त झाला तर सावरता येत नाही.

माझा पहिला केक याच कारणाने फेकून द्यावा लागला. उतरवून घेतलेल्या कृतीत ‘बेकिंग पावडर २ चमचे’ असं होतं. घरात बेकिंग पावडर नव्हती, म्हणून मी दोन चमचे सोडा टाकला. केक आधी डोंगरासारखा फुगला, मग खड्ड्यासारखा बसला. रंग तपकिरी झाला, चव कपड्याच्या साबणाची. ही चूक मी दरवर्षी कुणा ना कुणाच्या हातून झालेली पाहते, म्हणून तिचं कारण इथे सविस्तर सांगते.

सोडा हा फक्त खार आहे. बेकिंग पावडरमध्ये सोड्याच्या जोडीला कोरडं आंबट असतं आणि दोघं डब्यातच भिडू नयेत म्हणून स्टार्च मिसळलेला असतो. तिच्यात सोड्याचा वाटा साधारण पाव ते एक तृतीयांश असतो. म्हणून एक चमचा सोड्याचं काम करायला तीन चमचे बेकिंग पावडर लागते. उलट हिशोब करायचा झाला तर सोडा एक तृतीयांश घ्यावा लागतो आणि आंबट वेगळं द्यावं लागतं. ते आंबट आपल्या घरात मुबलक आहे. दही, ताक, लिंबू, चिंचेचा कोळ, गूळ, पिकलेलं केळं, हे सगळे सोड्याचे जोडीदार. एका वाटी मैद्याला किंवा कणकेला पाव चहाचा चमचा सोडा आणि त्याला अर्धी वाटी आंबट दही किंवा ताक, हे प्रमाण लक्षात ठेवलं तर निम्म्या चुका टळतात.

या चिमटीत किती ताकद असते ते आकड्यात पाहू. एक सपाट चहाचा चमचा सोडा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. त्याला पुरेसं आंबट मिळालं तर त्यातून जवळजवळ दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. आंबट मिळालं नाही आणि नुसती उष्णता मिळाली, तर त्याच्या निम्माच वायू निघतो, आणि मागे पदार्थात धुण्याचा सोडा उरतो. साबणाची चव येते ती त्याची. केकचा जाळीदारपणा, कडसरपणा आणि काळपट रंग यांचं सगळं गणित या दोन वाक्यांत आहे. सोड्याला ओलावा आणि आंबट भेटताच वायू सुटू लागतो, म्हणून सोडा घातलेलं मिश्रण वाट पाहत ठेवायचं नसतं. आधी भांड्याला तूप लावा, कुकर किंवा ओव्हन तापवा, आणि मगच सोडा मिसळा.

फुगवण्याखेरीज सोड्याची आणखी दोन कामं आहेत. एक म्हणजे रंग. खारात पीठ आणि साखर लवकर तांबूस होतात, म्हणून नानखटाईला चिमूटभर सोड्याने सोनेरी रंग चढतो. दुसरं म्हणजे मऊपणा. कडधान्याच्या सालीतला पेशींना बांधून ठेवणारा पेक्टिन खारात सैल होतो, आणि कॅल्शियम जास्त असलेल्या जड पाण्यात उलट घट्ट बसतो. म्हणून जड पाण्याच्या गावात हरभरा तासन्‌तास शिजत नाही. अशा वेळी अर्धा किलो हरभऱ्याच्या भिजवणीच्या पाण्यात अर्धा चमचा सोडा टाकावा, सकाळी ते पाणी ओतून द्यावं, हरभरा दोनदा धुवावा आणि ताज्या पाण्यात शिजवावा. रोजच्या वरणात मात्र सोडा घालू नये. खारात ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होतं. पालेभाजी सोड्याने हिरवीगार दिसते, पण तिच्यातलं ‘क’ जीवनसत्त्व जातं. डोळ्यांना सुख देण्यासाठी ताटातला कस घालवणं मला पटत नाही.

वऱ्हाडात बेकिंग शिकवताना ज्वारी बाजूला ठेवून चालणार नाही. ज्वारीचा केक हवा, अशी मागणी आता दर वर्गात होते. इथे सोड्याची मर्यादा समजून घ्यावी लागते. सोडा वायू देतो, पण तो वायू धरून ठेवायला जाळं लागतं. गव्हात ते ग्लुटेनचं असतं, ज्वारीत ते नसतं. म्हणून नुसत्या ज्वारीच्या पिठात सोडा वाढवला तर केक अधिक फुगत नाही, अधिक भुगा होतो. उपाय सोड्यात नाही, बांधणीत आहे. निम्मी कणीक घ्या, किंवा कणीक नकोच असेल तर जवस कुटून पाण्यात भिजवा. त्याचा चिकट बलक होतो, तो बुडबुडे धरून ठेवतो. जवस आपल्याच शेतात पिकणारं आहे, त्यासाठी शहरातून काही मागवावं लागत नाही.

पुस्तिकेचा दुसरा भाग घराच्या स्वच्छतेचा आहे, आणि तो लिहिताना गाडगेबाबांची आठवण सतत सोबत होती. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी वडील गेल्यावर आईसोबत मामाच्या गावी आले. ते गाव म्हणजे आमच्या तालुक्यातलं दापुरा. आमच्याकडे परटाला वरठी म्हणतात. खाराच्या पाण्यात कपडे भिजवून ते भट्टीच्या वाफेवर चढवायचे, खाराने मळ आणि तेल सोडवायचं, हे ज्ञान त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. रसायनशास्त्राची पुस्तकं मराठीत येण्याआधी ते घाटावर रोज वापरलं जात होतं. पुढे हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडणाऱ्या बाबांनी स्वच्छतेला पैसा लागत नाही, हात लागतात, हे जगून दाखवलं. त्यांच्या तालुक्यात राहून घर स्वच्छ ठेवण्यासाठी महागड्या बाटल्यांची रांग लावावी, हे मला योग्य वाटत नाही. निम्म्या कामांना सोडा पुरतो.

पण सोडा कशाने काम करतो ते समजून घ्यावं. त्याचे बारीक कण भांडं न ओरखडता घासतात, त्याचा खार तेलकटपणा सैल करतो, आणि आंबूस वास तो शोषून घेतो. शेगडीमागच्या फरशीवरचं चिकट तेल, चहाच्या कपातला तपकिरी डाग, फ्रीजमधला वास, मुलांच्या डब्याला लागलेला लोणच्याचा वास, इथे त्याचा खरा उपयोग आहे. काळे पडलेले चांदीचे पैंजण ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून त्यावर कढत पाणी आणि सोडा टाकला की काळिमा फॉइलकडे जातो आणि चांदी न झिजता उजळते. तांब्या-पितळेला मात्र चिंच किंवा लिंबू-मीठच हवं. ॲल्युमिनियमची कढई सोड्याने घासू नये, ती काळी पडते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फेस भरपूर येतो आणि काहीतरी मोठं घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. दोन्ही वापरायचेच असतील तर एकामागून एक, मध्ये पाण्याने धुऊन वापरा.

भाजी-फळांवरच्या औषधांबद्दल आमच्या भागात काळजी असणं साहजिक आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग केला. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे सोडा घालून त्यात १२ ते १५ मिनिटं सफरचंदं ठेवली, तेव्हा सालीवरचे दोन कीटकनाशकांचे अंश नुसत्या पाण्यापेक्षा बरेच चांगले निघाले. सालीच्या आत मुरलेलं औषध मात्र निघालं नाही. म्हणून सोड्याने फळं जरूर धुवा, पण फवारणीनंतर ठरलेले दिवस पाळून तोडणी करणं याला दुसरा पर्याय नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी इथेच सांगते. एका चहाच्या चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमहून जास्त सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. पोटात आग पडली की चमचाभर सोडा पाण्यातून घेण्याची सवय आपल्याकडे आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ती आजच सोडावी, आणि बाकीच्यांनी जळजळ वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर आधी गॅस बंद करून झाकण घालावं. जाळ लहान असेल तर त्यावर मूठभर सोडा टाकावा, पाणी कधीही टाकू नये. मुठीने सोडा वापरण्याची ही एकच वेळ.

शेवटची गोष्ट खास आमच्या पट्ट्यासाठी. सांडपाण्यावर परसबाग करण्याची पद्धत चांगली आहे, पण खारपाणपट्ट्यात ते पाणी निवडून वापरावं लागतं. भांडी आणि कपडे धुताना सोडा किंवा सोड्याची पावडर वापरली असेल, तर ते पाणी वांग्या-टोमॅटोच्या आळ्यात सोडू नये. जमिनीत आधीच सोडियम जास्त आहे, त्यात आपण भर घालू नये. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेलं पाणी झाडांना द्या, सोड्याचं पाणी शोषखड्ड्याकडे वळवा. जमीन खारवली तर तिला जिप्समसारखे उपाय देऊन सावरायला वर्षं लागतात. ती खारवू न देणं आपल्या हातात आहे.

या पुस्तिकेत आधी मापं, मग भाजण्याचे पदार्थ, मग तळण्या-शिजवण्याचे, आणि शेवटी घरकाम असा क्रम आहे. प्रत्येक कृतीत सोड्याचं माप सपाट चहाच्या चमच्याने दिलं आहे, आणि त्याच्यासमोर त्याचा आंबट जोडीदार लिहिला आहे. जिथे जोडीदार नाही तिथे सोडा का आहे, याचं कारण दिलं आहे. माझ्या वर्गातल्या ज्या बायकांनी आपले बिघडलेले केक लपवून न ठेवता मला आणून दाखवले, त्यांची मी ऋणी आहे. या पानांवरचे बहुतेक उपाय त्यांच्या त्या प्रामाणिकपणातून सापडले आहेत.

वाचायला लागण्याआधी एक काम करा. घरातला सोड्याचा डबा काढा आणि त्यातली चिमूटभर पूड वाटीत घेऊन तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. लगेच जोरात फसफसली, तर सोडा जिवंत आहे. फसफस मंद असेल तर तो घासण्याच्या कामाला ठेवा आणि खायला नवा आणा. नव्या डब्यावर नाव आणि उघडल्याची तारीख लिहा, आत एक छोटा चमचा ठेवा, आणि झाकण घट्ट लावा.

मूर्तिजापूर